वरचं पाणी

मीनल वलथरे शनिवारी संध्याकाळी गळ आवरत होती, तेव्हा तिला तळ्याच्या पाण्याचा रंग खटकला. आठवड्यापूर्वी ते पालकाच्या भाजीसारखं हिरवंगार होतं. आज चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी दिसत होतं. ती काठावर उकिडवी बसली, ओंजळभर पाणी घेऊन तिनं त्याचा वास घेतला. मग हात झटकून ती उभी राहिली आणि गोठ्याकडे निघाली.

जून संपत आला होता. चार दिवस दुपारचा पारा तेहतिसाच्या खाली उतरला नव्हता. वारा इतका पडला होता की हायवेकडच्या पवनचक्क्यांची पाती जागच्या जागी उभी होती.

तळं तोन आणि रिआ या नवराबायकोचं. ब्रेडा या डच शहरापासून सायकलनं चाळीस मिनिटांवर त्यांचं साठ गाईंचं शेत. पूर्वी हायवे बांधताना तोनच्या वडिलांनी शेतातली वाळू विकली, त्या खड्ड्यात पाणी साचलं, आणि वडिलांनी त्यात मासे सोडले. आता लोक तिथं दिवसाचं तिकीट काढून गळ टाकायला येत. पकडलेला मासा ओल्या चटईवर ठेवायचा, काटा अलगद काढायचा, आणि मासा परत पाण्यात सोडायचा असा नियम. रिआ गोठ्याशेजारच्या खोलीत कॉफी आणि वाटाण्याचं सूप विकायची. रविवारी उन्हाळी स्पर्धा होती. चोवीस जणांनी नावं दिली होती, त्यात मीनलचंही होतं.

मीनल गोंदिया जिल्ह्यातल्या धीवराची मुलगी. तिचे बाबा, मनोहर वलथरे, गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकत म्हातारे झाले होते. मीनल नागपुरात इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली, आणि आता आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या मशिनच्या निर्वात कप्प्यांवर काम करत होती. नवरा श्रीहर्ष ब्रेडातल्या मालवाहतूक कंपनीत होता, म्हणून घर ब्रेडात. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती सायकलवरून भटकत या तळ्यापाशी येऊन थांबली होती. तोननं तिला एक जुना गळ दिला आणि काट्याला मक्याचा दाणा कसा लावायचा ते सावकाश समजावून सांगितलं. पाच मिनिटांत तिनं पहिला मासा काढला. "नवशिक्याचं नशीब," तोन म्हणाला. सातव्या माशानंतर तो तिच्या शेजारी स्टूल टाकून बसला आणि तिचे हात बघत राहिला.

आता तो गोठ्याच्या दारात स्पर्धेच्या जागांचे नंबर लाकडी खुंट्यांवर रंगवत होता. रिआ दुधाच्या बादल्या विसळत होती.

"तोन, उद्या पहाटे मासे वर येतील," मीनल म्हणाली.

"येऊ देत की. स्पर्धाच आहे."

"तसं नाही. श्वास घ्यायला वर येतील. पाण्यातलं शेवाळ मेलंय. ते आता कुजतंय आणि पाण्यातला सगळा प्राणवायू खातंय."

तोननं ब्रश थांबवला नाही. "रात्री पाऊस आहे. पाऊस पडला की पाणी ताजं होतं."

"या पावसानं बिघडेल. गार पाणी खाली बुडेल आणि तळातलं खराब पाणी वर ढकलेल. आज रात्रीच पंप लावून ठेवूया. आणि उद्याची स्पर्धा पुढे ढकल."

"चोवीस माणसं येतायत. दोघं तर बेल्जियमहून." तोननं सात नंबरची खुंटी बाजूला ठेवली. पासष्टीचा, हाडापेरानं मोठा, कधी आवाज न चढवणारा माणूस. "मीनल, तू मासे चांगले पकडतेस. पण तळं माझं आहे. चाळीस वर्षं मी ते बघतोय."

"ठीक आहे," मीनल म्हणाली. तिला राग आला होता, पण रागानं पाणी सुधारत नाही हे तिला माहीत होतं. ती रिआकडे वळली. "पिकांना पाणी मारायचा तुमचा तो मोठा रहाट कुठं आहे? लांब पाइप गुंडाळलेला?"

"मक्याच्या शेतात. पलीकडच्या टोकाला."

"आणि तू सकाळी कधी उठतेस?"

"साडेचारला. दूध काढायला." रिआनं हात पुसले. "तळ्यावर नजर टाकते आणि तुला फोन करते. झोपायच्या आधी फोनचा आवाज मोठा करून ठेव."

तोननं पुढची खुंटी रंगवायला घेतली.

रात्री वीज कडाडली, अर्धा तास धो धो पाऊस पडला आणि थांबला. पहाटे चार चाळीसला फोन वाजला. रिआ एवढंच म्हणाली, "ये."

श्रीहर्षही जागा झाला होता. मीनल सायकलची किल्ली शोधायला लागली तशी तो म्हणाला, "सायकलनं कधी पोचणार तू? थांब, गाडी काढतो." तो सदाशिव पेठेत वाढलेला, घरात कधी मासा न शिजलेला माणूस. तळ्यावर तो दोन वर्षांत दोनदा आला होता, तेही गाडीतून न उतरता.

पाच वाजता ते शेतावर पोचले. आभाळ उजळलं होतं, पाऊस नव्हता, तरी सगळं तळं पाऊस पडत असल्यासारखं थरथरत होतं. हजारो तोंडं पाण्याबाहेर येऊन हवा गिळत होती. चपचप, चपचप असा आवाज सगळीकडून येत होता. मोठमोठे कार्प काठाला येऊन टेकले होते, पाठी उघड्या. मीनलनं एकाला हात लावला तरी तो हलला नाही. ब्रासम नावाचे चपटे पितळी मासे कुठं कुठं आडवे होऊन तरंगायलाही लागले होते.

"हे सगळे मरणार?" श्रीहर्षनं हळू आवाजात विचारलं.

"नाही," मीनल म्हणाली. "बूट घाल ते. रबरी."

तोन ट्रॅक्टर मागे घेत तळ्याकडे येत होता. अंगात पायजमा, पायात गमबूट. ट्रॅक्टरच्या मागे शेणाची टाकी ढवळायचा लांब दांड्याचा पंखा जोडलेला. मीनल पळत गेली आणि ट्रॅक्टर आणि तळ्याच्या मधे उभी राहिली.

"तोन, थांब! तो पंखा पाण्यात घालू नकोस."

"पाणी ढवळायला पाहिजे! दिसत नाही का तुला?"

"वरचं ढवळायचं. तो दांडा खाली तळापर्यंत जातो. तळातला गाळ उठला तर अर्ध्या तासात एकही मासा उरणार नाही."

"बाजूला हो, मीनल."

"नाही होणार."

इंजिन चालूच होतं. तोनचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते. रात्रभर विजा बघत तो जागाच होता, हे रिआनं मीनलला नंतर सांगितलं. मीनलनं फोन काढला. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. पण समोरच्या माणसाचा आपल्यावर विश्वास बसत नसेल तर दुसरं माणूस उभं करावं लागतं. गोंदियात पावणेनऊ वाजत आले होते. बाबांनी पहिल्याच घंटीला व्हिडिओ उचलला. ते तलावाच्या पाळीवर उभे होते, खांद्यावर ओलं जाळं, मागे दूरपर्यंत पाणीच पाणी.

"बाबा, हे बघा." तिनं फोन तळ्याकडे फिरवला.

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "रात्री पानी आला का?"

"हो. जोराचा."

"हाव, म्हनूनच. मीनू, वरचं पानी मारा. वरचं वरचं. खालच्याले हात लावू नोका, चिखल उठला का संपलं. बांबू हानत राहा. आन् दाना टाकू नोका कोनी."

मीनलनं ते जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. तोन ट्रॅक्टरवरून वाकून फोनकडे बघत होता.

"हा कोण?"

"माझे बाबा. तो मागे दिसतोय तो तलाव ते राखतात."

"किती वर्षं?"

"पन्नास."

तोननं बाबांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरच्या जाळ्याकडे पाहिलं, मागच्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. आपलं ऐकलं नाही आणि फोनमधल्या म्हाताऱ्याचं ऐकलं, हे मीनलला लागलं. पण तिनं ते बाजूला ठेवलं. "रहाट घेऊन ये," ती म्हणाली. "पंपही. आणि एक रिकामं पिंप."

रहाट यायला पाऊण तास लागणार होता. तेवढ्या वेळात मासे मेले असते. शेतावर एक लहान सपाट होडी होती. मीनलनं श्रीहर्षला तीत बसवलं आणि दोन्ही वल्ही त्याच्या हातात दिली.

"मला वल्हवता येत नाही गं."

"उत्तम. वल्हवायचं नाहीच. पाण्यावर चापट्या मारायच्या. वीतभर खोल, त्याहून जास्त नाही. पाणी उडालं पाहिजे."

श्रीहर्षनं मारायला सुरुवात केली. पहिल्या चार चापट्यांत तो स्वतः नखशिखांत भिजला. पाचवीपासून त्याला जमायला लागलं.

तेवढ्यात स्पर्धेचे लोक यायला लागले. स्पर्धा आठला होती, पण गळ टाकणारी माणसं लवकर येतात. गाड्यांतून उतरताच सगळे काठाशी थबकले. यातले बहुतेक जण मीनलला ओळखत होते, पण आजवर कुणाशी तिचं चार शब्दांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. तळ्यावर कुणी बोलतच नसे. मासा बिचकतो म्हणून खोकलासुद्धा दाबून धरायचा, असा तिथला रिवाज.

मीनल कुणाच्या तरी खुर्चीवर चढली.

"आज स्पर्धा नाही," ती ओरडली. "चारा कुणीही पाण्यात टाकायचा नाही, मूठभरसुद्धा नाही. हातात येईल ते घ्या, फळी, वल्हं, फावडं, जाळीचा दांडा, आणि काठावरून पाण्याला झोडपा. फक्त वरचं पाणी. पाण्यात कुणी उतरायचं नाही. दर पाच पावलांवर एक माणूस. दहा मिनिटं मारायचं, मग शेजाऱ्याला द्यायचं."

मग एका बेल्जियन माणसानं आपली घडीची खुर्ची मिटली, दोन्ही हातांनी धरली आणि फाटदिशी पाण्यावर आपटली. त्याच्या मागोमाग सगळे. एकानं आपला लांब कार्बनच्या काठीचा गळ उचलला, त्याच्याकडे पाहिलं, परत गाडीत ठेवला आणि मोटारीतलं बर्फ उपसायचं फावडं आणलं. थोड्याच वेळात ते तळं धोबीघाटासारखं दणाणायला लागलं. रिआ दूध काढणं अर्ध्यावर टाकून झाडूसकट आली.

मीनल काठानं फिरत होती. कुणाचं फावडं खोल जात असेल तर त्याला वर घ्यायला सांगत होती, कुठं मासे गोळा होतायत ते बघून माणसं तिकडे सरकवत होती. जिथं पाणी उडत होतं तिथं मासे येत होते. माणसाची सावली दिसली की पळणारे कार्प आज त्या दणदणाटाखालीच येऊन उभे राहिले.

सहा वाजून दहा मिनिटांनी तोन रहाट घेऊन आला. पंपाचा पाइप तो शेजारच्या ओढ्यात सोडणार होता, पण या वेळी आधी त्यानं मीनलकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. ओढ्यात रात्रीच्या पावसानं शेतातलं शेणाचं पाणी उतरलं होतं. दोघांनी मिळून पाइपचं तोंड रिकाम्या पिंपाला बांधलं आणि ते तळ्यातच तरंगत ठेवलं, म्हणजे पंप वरचंच पाणी ओढेल. पंप सुरू झाला. मक्यावर पाणी मारायची रहाटाची तोटी खोकली, दोनदा पचकन थुंकली, आणि मग पाण्याची जाड धार उंच आभाळात चढून बारीक होत सगळ्या तळ्यावर कोसळायला लागली.

माणसं तरी थांबली नाहीत. ऊन वर येईपर्यंत ती झोडपत राहिली. नऊच्या सुमाराला मीनलच्या लक्षात आलं की चपचप आवाज बंद झालाय. तिनं हात वर केला. एकेक करून सगळे थांबले. काठाला टेकलेल्या एका कार्पनं शेपटी हलवली, सावकाश वळला आणि खाली गेला. मग दुसरा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेल्जियन माणूस मोडलेल्या खुर्चीवर बसायला गेला आणि मातीत बसला, तेव्हा मात्र सगळे हसले.

मेलेले मासे दुपारपर्यंत गोळा केले. एकशे बारा ब्रासम आणि नऊ कार्प. बाकीचं तळं जिवंत होतं. तोननं मेलेला शेवटचा कार्प दोन्ही हातांत उचलून घमेल्यात ठेवला आणि मीनलसमोर येऊन उभा राहिला.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"हो."

"काल ऐकलं असतं तर?"

"तर हे एवढे मेले नसते," मीनल म्हणाली. तिनं ते गोड करून सांगितलं नाही. आठ वर्षांत तिला या देशाचा हा एक गुण आवडला होता, विचारलं की खरं सांगायचं. तोननं मान डोलावली.

सूप पिताना तिनं बाकीचंही सांगितलं. तळ्यात मासे फार झालेत. प्रत्येक जण रविवारी दोन दोन किलो चारा ओततो, तो तळाशी कुजतो. निम्मे कार्प काढून दुसरीकडे दिले नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात हेच होणार. यावर मात्र गलका झाला. मासे कमी केले तर इथं यायचं कशाला, असं दोघातिघांनी स्पष्ट विचारलं. रिआनं सुपाचा डाव भांड्यावर आपटला.

"ऑक्टोबरमध्ये जाळं लावायचं," ती म्हणाली. "ज्याला यायचं नाही त्यानं येऊ नये."

"जाळं ओढणारं माणूस पाहिजे," तोन म्हणाला. "इथं आता कुणाला येत नाही." आणि मग मीनलकडे न बघता, "तुझे वडील कधी विमानात बसलेत?"

बाबा बसले नव्हते. व्हिसा म्हणजे काय हे समजून घ्यायलाही त्यांना दोन फोन लागले. तरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते स्किपोल विमानतळावर उतरले, अंगात कोरा स्वेटर, हातात एकच पिशवी. तीन दिवस ते ब्रेडातल्या कालव्यांकडे संशयानं बघत होते. चौथ्या दिवशी मीनलनं त्यांना तळ्यावर नेलं. बाबांनी तोनशी हात मिळवला आणि सरळ भाड्यानं आणलेल्या जाळ्याकडे गेले. खालच्या दोराचं शिसं त्यांनी तळहातावर तोललं.

"हलकं हाये. मासोरी खालून पळन."

मीनलनं सांगितल्यावर तोन गोठ्यात गेला आणि गाई बांधायच्या जुन्या साखळ्या घेऊन आला. त्या दोराला बांधल्या. सकाळी दहाला जाळं पाण्यात गेलं. एका काठावर बाबा आणि बारा जण, दुसऱ्या काठावर तोन आणि बारा जण. जूनमध्ये ओरडणारे तिघेही आले होते.

ओढायला सुरुवात झाली आणि जाळं लगेच वाकडं झालं. बाबांची बाजू पुढे, तोनची मागे. बाबा पलीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "हाव! हाव!" म्हणजे हो हो, ओढत राहा. पलीकडचे सगळे जण जागच्या जागी थिजले. बाबा आणखी जोरात, "हाव, हाव!" ते आणखी घट्ट उभे. जाळं ताणून चंद्रकोरीसारखं झालं.

मीनल होडीत होती. तिला कळलं आणि ती पोट धरून हसायला लागली. डच भाषेत तसाच एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'धरून ठेव' असा होतो.

"बाबा, हाव म्हणू नका! ते थांबतायत! त्यांना 'ट्रेक' म्हणा!"

"काय म्हनू?"

"ट्रेक! म्हणजे ओढा!"

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. "ट्रेक!" पलीकडून सव्वीस पाय एकदम मागे सरले. जाळं सरळ झालं.

दुपारी दोनला जाळं उथळ कोपऱ्यात आलं. पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. तोननं दिलेले छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले. एकेक कार्प ते पोटाखाली दोन्ही हात घालून उचलत, क्षणभर तोलत, आणि डावीकडे किंवा उजवीकडे देत. डावीकडचे टाकीच्या ट्रकमध्ये, दुसऱ्या तळ्यांवर जायला. उजवीकडचे परत पाण्यात. पहिल्या दहा माशांना तोननं वजनकाटा लावला. नंतर त्यानं काटा काठावर ठेवला आणि बाबांच्या शेजारी पाण्यात उतरून त्यांच्या हातातून मासे घ्यायला लागला. पाच वाजेपर्यंत तीनशे ऐंशी कार्प ट्रकमध्ये गेले.

ट्रक गेल्यावर मीनल कोरड्या कपड्यांत रिआच्या खोलीत येऊन बसली. श्रीहर्ष आधीच तिथं होता, हातांवरचे फोड न्याहाळत आणि जूनमधली होडीची गोष्ट एका नव्या माणसाला सांगत. खिडकीतून तळं दिसत होतं. बाबा आणि तोन होडीत बसून पुन्हा पाण्यात चालले होते. बाबांच्या हातात लांब काठी होती. ती पाण्यात बुडवून ते गाळ कुठवर आलाय ते बघत होते, काठीवर बोटानं खूण करून तोनला दाखवत होते. तोन मान डोलावत नव्हता, हात पसरून काहीतरी वेगळं सांगत होता. बाबाही ऐकत नव्हते.

मीनल दारात आली. "येऊ का?" तिनं मराठीत ओरडून विचारलं, आणि मग डचमध्ये.

दोघांनीही वर न बघता हात हलवून तिला नको म्हणून सांगितलं. ती परत आत गेली आणि रिआकडे सूप मागितलं.